शिडाच्या बोटीतला शाफ्ट : एका जोडकामाचं निदान

भीमेच्या काठावर पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. जिथे पाणी गळतं तिथेच दोष असतो असं नाही. ग्लँडमधून धार लागली म्हणून शेतकरी येतो आणि दोरी बदलून मागतो. दोरी बदलली की आठ दिवस बरं चालतं, नवव्या दिवशी पुन्हा धार. दोरी खराब नसतेच. मोटारीचा आणि पंपाचा शाफ्ट एका रेषेत नसतो. त्यामुळे तो फिरताना हेलकावतो, आणि कितीही चांगली दोरी घातली तरी तिला आठवड्यात चेपून टाकतो. आमच्या मांडवगण फराट्याला भीमा लागून, आणि घोडही फार लांब नाही. इथला ऊस या नद्यांवरच्या पंपांवर उभा आहे. ग्लँड, कपलिंग, शाफ्ट, फुटव्हॉल्व्ह हे शब्द इथे औत-पाभरीइतकेच मराठी आहेत. उमेदवारीच्या दिवसांत मी ते शब्द हातांनी शिकलो, पुस्तकात नंतर वाचले.

समुद्र आमच्यापासून दोनशे किलोमीटरहून जास्त दूर. तरी बरीच वर्षं मी कोकणातल्या जुन्या शिडाच्या बोटींविषयी मिळेल ते वाचत आणि जमेल तेव्हा जाऊन पाहत आलो आहे. सुरुवात पुस्तकांपासून झाली : जेम्स हॉर्नेलचा हिंदुस्थानी बोटींच्या घडणीवरचा १९२० सालचा प्रबंध, आणि मराठी आरमार व व्यापारी जहाजं यांवरचा बी. के. आपटे यांचा १९७३ चा इंग्रजी ग्रंथ. गुराब, गलबत, शिबाड, मचवा यांची शिडं कशी, लाकूड कुठलं, हे विचारायला मी बंदरांवर जायचो. तांडेल आणि मिस्त्री मात्र भलत्याच गोष्टीवर बोलायचे. शिडाच्या आठवणी काढायला त्यांना सवड नव्हती. त्यांच्या बोटीचा शाफ्ट हादरत होता, मागून पाणी येत होतं, पंखा झिजून गेला होता. आणि ते जे सांगत होते ते मला नदीवरच्या पंपावरून ओळखीचं होतं. आम्ही पंपाच्या आतल्या चाकाला पंखा म्हणतो, ते बोटीच्या मागच्या चाकाला पंखा म्हणतात. एक पाणी ढकलून वर चढवतो, दुसरा पाणी ढकलून बोट पुढे नेतो. मधला शाफ्ट, ग्लँड, कपलिंग सगळं तेच. म्हणून या लेखात शिडांपेक्षा शाफ्टच जास्त आहे.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. जुन्या शिडाच्या बोटीत शाफ्टची जी दुखणी दिसतात, ती बहुतेक शाफ्टची नसतात. वाकण्यासाठी बांधलेल्या लाकडी बोटीत सरळ रेषेचा हट्ट धरणारा लोखंडी दांडा बसवला, त्या जोडकामाची ती दुखणी आहेत. निदान त्या अंगाने केलं तर पैसे वाचतात, आणि कधी कधी बोटही.

*

स्वातंत्र्यानंतर मासेमारी बोटींवर इंजिन चढवायचं ठरलं तेव्हा देशात दोन वाटा निघाल्या. केरळात नॉर्वेच्या मदतीने १९५३ च्या सुमारास काम सुरू झालं. तिथल्या ओंडका कोरून केलेल्या किंवा फळ्या शिवलेल्या होड्यांत इंजिन बसणं कठीण होतं, म्हणून तिथे नव्या घाटाच्या बोटीच बांधाव्या लागल्या. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर तसं झालं नाही. सातपाटी, वर्सोवा आणि खाली रत्नागिरीपर्यंतच्या बोटी मुळात मोठ्या, खोल आणि मजबूत होत्या. त्यांत इंजिन मावत होतं. मग आहे त्या शिडाच्या बोटीलाच मागून भोक पाडून शाफ्ट घातला गेला. स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग होता तो. पण त्याची किंमत मागच्या भोकापाशी साठत गेली.

शिडाच्या बोटीवरचे जोर वेगळे असतात. वारा शिडाला ढकलतो, शीड डोलकाठीला, डोलकाठी बोटीच्या मध्याला. बोटीचा मागचा भाग मुद्दाम निमुळता ठेवलेला असतो, म्हणजे पाणी भोवरे न करता सुटून जावं. पठाण, म्हणजे बोटीच्या तळाचा कणा, आणि मागचा उभा खांब यांच्यावर सुकाणूचा भार येईल असं सुताराने धरलेलं असतं. तिथे कधी काळी इंचभर जाडीचा दांडा मिनिटाला हजार वेळा फिरेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. शिवाय लाकडी बोट स्थिर वस्तू नाही. वाळूवर ओढून ठेवली की टेकूंवर तिचा आकार एक, पाण्यात उतरली की दुसरा. सुकलेल्या फळ्या पाणी पितात, फुगतात, सांधे घट्ट होतात. भरती माल घेतला की मधोमध किंचित बसते, रिकामी झाली की उचलते. शिडाचे दोर ताणले की टोकं वर येऊ पाहतात. हे वाकणं-बसणं हा तिचा दोष नाही, लाट सोसण्याची ती तिची रीत आहे. मात्र शाफ्टला हे काहीच मानवत नाही. त्याला इंजिनापासून पंख्यापर्यंत एकच सरळ रेषा हवी, आणि तीही केसाच्या जाडीच्या हिशेबात.

हा संसार आपल्याकडे सुरू होण्याच्या शंभर वर्षं आधी इंग्रजांच्या आरमाराने तोच मांडला होता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने १८३६ मध्ये स्क्रूसारख्या पंख्याचं पेटंट घेतलं. त्याचा पहिला लाकडी स्क्रू दोन वेढ्यांचा होता. कालव्यात चाचणी चालू असताना त्यातला एक वेढा मोडून पडला आणि बोट उलट जोरात पळू लागली! १८४५ मध्ये पंख्याच्या ‘रॅटलर’ने चाकांच्या ‘अलेक्टो’ला दोरखंडाने मागे ओढत नेलं, ती गोष्ट शाळेच्या पुस्तकांतही सापडते. तिच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. शिडाच्या मोठमोठ्या लाकडी युद्धनौकांत पंखे बसवल्यावर शाफ्टखालची पितळी बेअरिंगं भराभर झिजू लागली, मागचा भाग हादरून सांधे सुटू लागले आणि समुद्र आत येऊ लागला. क्रिमियाच्या युद्धाच्या काळात, १८५५ च्या अखेरीस, ‘रॉयल अल्बर्ट’ या तीन मजली लाकडी युद्धनौकेत शाफ्टपाशी इतकं पाणी शिरलं की तिला ग्रीसमधल्या केआ बेटावर, तेव्हाच्या झियावर, उथळ पाण्यात नेऊन टेकवावं लागलं. शत्रूचा गोळा न लागता बुडायला आलेलं जहाज!

त्यावरचा उपाय जॉन पेन या इंजिनवाल्याने १८५४ मध्ये पेटंट केला होता : धातूवर धातू न घासता लिग्नम व्हायटी या वेस्ट इंडीजकडच्या लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या, आणि तेलाऐवजी समुद्राचं पाणीच वंगण म्हणून त्यांच्यामधून वाहू द्यायचं. पाण्यात बुडणारं इतकं जड आणि स्वतःच तेलकट असं ते लाकूड आहे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लाकडाची जागा रबराने घेतली, आणि ती हकिगत आम्हा पंपवाल्यांच्या मानाची आहे. कॅलिफोर्नियातल्या एका खाणीत चार्ल्स शेरवुड या अभियंत्याचे पंप वाळूमिश्रित पाण्याने सतत झिजत. हाताशी दुसरं काही नसल्याने त्याने बेअरिंगच्या जागी रबरी नळीचा तुकडा बसवला, आणि तो तुकडा धातूच्या बेअरिंगपेक्षा कितीतरी जास्त टिकला. वाळूचा कण धातूत रुततो आणि शाफ्टला कानशीसारखा घासतो. रबर त्या कणाला दबून जागा देतं, आणि तो पुढच्या खाचेतून पाण्याबरोबर निघून जातो. आज बोटीच्या मागच्या नळीत जे खाचांचं रबरी बेअरिंग असतं, ते या तुकड्याचं वंशज आहे. आमच्याकडच्या खोल विहिरींवरच्या उभ्या टर्बाइन पंपांतही तेच असतं. खाडीचा गाळ आणि भीमेची वाळू यांना उत्तर एकच मिळालं.

*

आता निदानाकडे. बोट हादरते आहे असं तांडेल सांगतो, तेव्हा पहिला प्रश्न पाना हातात घेण्याआधी विचारायचा : गिअर काढून इंजिन तेवढंच पळवलं तर हादरा राहतो का? राहिला तर शाफ्टचा विषय संपला, इंजिनकडे किंवा त्याखालच्या रबरी बैठकीकडे वळा. गिअरमध्येच हादरा येत असेल तर तो अचानक आला की हळूहळू वाढला? अचानक आला असेल तर बहुतेक वेळा पंख्याला जाळ्याची दोरी, नायलॉनची पिशवी किंवा ओंडका लागलेला असतो. हे इतकं साधं आहे की शिकलेली माणसं तेच शेवटी तपासतात. पाण्यात बुडी मारून पंखा हाताने चाचपायला पाच मिनिटं पुरतात. फक्त इंजिन बंद करून त्याची किल्ली बुडी मारणाऱ्याच्या खिशात असली पाहिजे.

इंजिन पळतंय पण बोट पळत नाही, ही दुसरी तक्रार. इंजिन नेहमीपेक्षा जड वाटत असेल, त्याचे पूर्ण फेरे होत नसतील, धूर काळा येत असेल, तर पंख्यावर शेवाळ आणि चुन्यासारख्या कवचांचा थर बसलेला असतो, किंवा कुणीतरी हौसेने मोठा पंखा लावलेला असतो. उलट इंजिन हलकं पळत असेल आणि ढकलणं काहीच होत नसेल, तर चावी तुटून पंखा शाफ्टवर नुसता फिरतोय, गिअरबॉक्स घसरतोय किंवा पंखा पडून गेलाय. कवचांचा नखाएवढा थरसुद्धा पंख्याची ताकद किती खातो हे सांगून पटत नाही. ज्याने साफ करून पाहिलं त्याला पटतं.

मोठ्या पंख्याच्या हौसेबद्दल थोडं अधिक. शिडाच्या बोटीत सुकाणू आणि मागचा खांब यांच्यामध्ये पंख्याला जागा चिंचोळी मिळते. पात्याच्या टोकापासून बोटीच्या लाकडापर्यंत पंख्याच्या व्यासाच्या दहाव्या ते सातव्या हिश्शाइतकं तरी अंतर मोकळं हवं. ते नसेल तर पातं दर फेऱ्याला तिथून जाताना पाण्याचा धक्का लाकडाला देतं, आणि फेऱ्याबरोबर धप्‌ धप्‌ असा ठोका येत राहतो. त्या ठोक्यावर शाफ्ट, बेअरिंग, कपलिंग सगळं बदलून पाहिलेली एक बोट माझ्या पाहण्यात आहे. पंखा इंचभर लहान केल्यावर ती शांत झाली.

हळूहळू वाढलेला हादरा मात्र रेषेचा असण्याची शक्यता फार. इथे कपलिंगची परीक्षा करावी लागते. ही परीक्षा मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

गिअरबॉक्सच्या तोंडाशी एक लोखंडी तबकडी असते, शाफ्टच्या टोकाला दुसरी, आणि दोन्ही बोल्टांनी जखडलेल्या असतात. बोल्ट काढायचे. शाफ्टचं मोकळं टोक स्वतःच्या वजनाने लोंबू नये म्हणून त्याला खालून आधार द्यायचा. हे विसरलं तर पुढची सगळी मापं खोटी. मग तबकड्या एकमेकींना अलगद टेकवायच्या आणि त्यांच्यामधल्या फटीत फिलर गेज घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार ठिकाणी माप घ्यायचं. सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान फट यांच्यातला फरक तबकडीच्या दर इंच व्यासाला इंचाच्या एक हजारांश भागाहून जास्त नको. मिस्त्री याला ‘एक थाउ’ म्हणतात. म्हणजे चार इंची तबकडीला चार थाउ, मिलिमीटरचा दहावा हिस्सा. सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाने हे माप घेणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, आणि त्यांचं माप फारसं चुकत नाही.

फरक जास्त निघाला की बहुतेक जण लगेच इंजिनाखाली पत्रे सारायला लागतात. थांबायचं. आता फक्त शाफ्टकडची तबकडी पाव फेरा फिरवायची आणि चारही मापं पुन्हा घ्यायची. मग आणखी पाव फेरा. फट आधी वरच्या बाजूला होती आणि शाफ्ट फिरवूनही वरच राहिली, तर दोष बैठकीचा : इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत. पण फट शाफ्टबरोबर फिरत गेली, वरून उजवीकडे, उजवीकडून खाली, तर इंजिन कितीही हलवा, उपयोग शून्य. शाफ्ट वाकलेला आहे किंवा तबकडीच त्यावर तिरपी बसली आहे. पहिल्याला मिस्त्री पुरेसा, दुसऱ्याला लेथवाला लागतो. दहा मिनिटांची ही चाचणी न केल्याने महिनाभराची कमाई वाया गेलेली मी नदीवरही पाहिली आहे आणि बंदरावरही. नदीवर मोनोब्लॉक पंप आल्यापासून हा प्रश्न बराच मिटला, कारण त्यात मोटार आणि पंप एकाच शाफ्टवर असतात. बोटीला मोनोब्लॉक होता येत नाही.

आणि एक अट : ही परीक्षा बोट पाण्यात असतानाच करायची, तीही उतरवल्यावर काही दिवस जाऊ देऊन. वाळूवर साधलेली रेषा वाळूपुरती. बोट पाण्यात फुगली, तिचा आकार बदलला, डोलकाठीचे दोर ताणले गेले की ती रेषा राहत नाही.

याच्याशी जोडून एक उलटी गोष्ट येते. शाफ्टला जितके आधार जास्त आणि जवळजवळ, तितका तो पक्का, असं आपल्याला सहज वाटतं. प्रत्यक्षात दोन बेअरिंगांमधलं अंतर शाफ्टच्या व्यासाच्या साधारण वीसपट ते चाळीसपट असावं असा संकेत आहे. तीस मिलिमीटरच्या शाफ्टला म्हणजे साठ सेंटिमीटर ते एक मीटर वीस. त्याहून लांब ठेवलं तर शाफ्ट मध्ये दोरीसारखा झुलतो. त्याहून जवळ ठेवलं तर बोट जराही वाकली की ताठर शाफ्ट बेअरिंगवर दात रोवतो. लाकडी बोटीत हा दुसरा धोका खरा. म्हणून ‘आणखी एक बेअरिंग टाकून द्या’ हा सल्ला मला नेहमी संशयास्पद वाटत आला आहे.

रबरी बेअरिंग बाहेरून तपासायला पंख्याजवळ शाफ्ट धरून वरखाली, डावा-उजवा हलवायचा. इंची शाफ्टला अर्धा सूत खेळ आला की बेअरिंग बदलायचं. पण बदलण्याआधी जुन्याच्या तोंडाकडे बघा. झीज सगळीकडे सारखी असेल तर त्याने आपलं आयुष्य जगून घेतलं. एकाच बाजूने रबर गेलं असेल तर त्याने साक्ष दिली आहे की शाफ्ट त्या बाजूला दाबला जातोय. ती साक्ष न ऐकता नवं बेअरिंग ठोकलं की तेही त्याच बाजूने मरणार.

*

ग्लँडकडे मी मुद्दाम उशिरा आलो, कारण लोक आधी तिथेच येतात. शाफ्ट जिथे बोटीतून बाहेर पडतो तिथे चरबी-मेणात भिजवलेल्या दोरीची चार-पाच कडी एका नळकांड्यात दाबून बसवलेली असतात. काम नदीवरच्यासारखंच, पण एक फरक आहे. पंपाची ग्लँड बिघडली तर पाणी वाया जातं किंवा पंप हवा ओढतो. बोटीची ग्लँड बिघडली तर पलीकडे समुद्र असतो.

चालू शाफ्टला ग्लँड थोडी टपकलीच पाहिजे. मिनिटाला काही थेंब. तेच पाणी तिला थंड ठेवतं. दहा थेंब धरले तरी दिवसभरात पाऊण लिटरही होत नाही. हे न कळल्यामुळे थेंब दिसला की पाना फिरवणारे हात बंदरोबंदरी आहेत. दोरी जळते, कडक होते आणि शाफ्टवर चर पाडते. मग त्या चरावर कुठलीच दोरी टिकत नाही. पाना अर्धा आटा फिरवायचा, शाफ्ट चालवायचा, हात लावून पाहायचं. कोमट चालेल, चटका बसला तर ढिली करायची. दोरी घालताना एकच लांब तुकडा जिन्यासारखा गुंडाळून कोंबायची आमच्याकडे सवय आहे, बोटींवरही दिसते. त्यातून पाण्याला गोल गोल आत यायला पक्का रस्ता मिळतो. प्रत्येक कडं वेगळं कापायचं, तिरप्या कापाने जुळवायचं, आणि पुढच्या कड्याचा सांधा मागच्यावर येऊ द्यायचा नाही.

खरा धोका या थेंबांत नाही. तो दोन ठिकाणी आहे. ग्लँड बऱ्याच बोटींत जाड रबरी नळीने मागच्या नळकांड्याला जोडलेली असते. ती नळी तेलाने सुजते, उन्हाने चिरते, तिच्या पट्ट्या गंजतात. दोन्ही टोकांना दोन-दोन पट्ट्या हव्यात आणि वर्षातून एकदा त्या बोटाने चाचपायला हव्यात. दुसरी गोष्ट कपलिंगची. धक्क्याला लागताना तांडेल जोरात मागचा गिअर टाकतो. बोल्ट ढिले असतील तर पंखा शाफ्टला मागे खेचतो आणि शाफ्ट सुटून बाहेर सरकतो. नशीब असेल तर सुकाणूला अडतो. नसेल तर गेला. समजा चार सेंटिमीटरचं भोक पाण्याखाली साठ सेंटिमीटरवर उघडलं. पंपवाल्याच्या हिशेबाने मिनिटाला सुमारे दीडशे लिटर पाणी आत येतं, तासाला नऊ हजार. हाताने उपसून हे हटत नाही. म्हणून ग्लँडच्या आतल्या बाजूला शाफ्टवर एक घट्ट कडं आवळून ठेवायचं, म्हणजे शाफ्ट तिथे अडेल. आणि भोकाच्या मापाची निमुळती लाकडी खुंटी तिथेच दोरीने बांधून ठेवायची. दोन्हीचा खर्च एका जेवणाएवढा. मी पाहिलेल्या फार थोड्या बोटींवर ही खुंटी होती, आणि जिथे होती तिथला तांडेल म्हातारा होता.

*

मासेमारीची बोट राबून झिजते. पण शिडावर चालणाऱ्या, हौसेच्या किंवा सफरीच्या जुन्या बोटीचा शाफ्ट बहुधा बसून राहून खराब होतो. तिचं इंजिन बंदरात शिरण्यापुरतं चालतं, बाकी महिने स्वस्थ. स्टेनलेस शाफ्ट चकचकीत दिसतो, पण त्याची चकाकी टिकवणाऱ्या अदृश्य पापुद्र्याला प्राणवायू लागतो. ग्लँडच्या दोरीखाली आणि बेअरिंगच्या आत पाणी महिनोन्‌महिने साचून राहिलं की तिथला प्राणवायू संपतो आणि शाफ्टला सुईच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात. बाहेरून काही दिसत नाही. उपाय गमतीचा आहे : आठवड्यातून एकदा शाफ्ट फिरवा, हाताने फिरवला तरी चालेल.

पंख्याचीही अशीच एक फसवणूक. बाजारात मँगनीज ब्राँझ म्हणून जे मिळतं, ते नावाने ब्राँझ आणि जातीने पितळ असतं, म्हणजे तांब्यात भरपूर जस्त. खारं पाणी त्यातलं जस्त खाऊन टाकतं, मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. सोनेरी पंखा कुठे गुलाबी दिसायला लागला की समजावं. शंका असेल तर टिचकीऐवजी लहान हातोडीने ठोकून ऐकावं. निरोगी पातं घंटेसारखं वाजतं, खाल्लेलं पातं मडक्यासारखं. यापासून वाचायला शाफ्टवर झिंकचा तुकडा लावतात, तो स्वतः झिजून पंख्याला वाचवतो. निम्मा संपला की बदलायचा.

मात्र लाकडी बोटीत झिंक जितकं जास्त तितकं बरं, हे खरं नाही. गरजेपेक्षा जास्त झिंक लावलं तर तांब्या-पितळेच्या भागांभोवती पाण्यात कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होतो, आणि तो त्या भागाला टेकलेलं लाकूड मऊ, तंतूतंतू करून टाकतो. धातू शाबूत आणि त्याला धरून ठेवणारा साग कुजलेला! फायबरच्या बोटीवर काम शिकलेला माणूस लाकडी बोटीवर आला की हे हमखास होतं.

शिडावर चालताना पंख्याचं काय करायचं, हा प्रश्न मासेमारीच्या बोटीला पडत नाही, शिडाच्या बोटीला रोज पडतो. मराठी वाचकाला आज शिडाची बोट म्हटली की ‘म्हादेई’ आठवते. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ही बोट घेऊन दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, वाटेत फक्त चार बंदरं घेऊन. अशा प्रवासात बोट वाऱ्यावरच जायची असते. पंखा मागे लोंबकळणारं ओझं असतो. मोकळा सोडला तर पाण्याच्या ओढीने गरगरत राहतो, बेअरिंग आणि ग्लँड दिवसरात्र झिजतात, आणि काही गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना तेलच पोचत नाही. अडवून धरला तर ओढ वाढते. कुठल्या गिअरबॉक्सला काय चालतं हे त्याच्या पुस्तिकेतच बघावं, ऐकीव सांगण्यावर जाऊ नये. जुन्या, रुंद पठाणाच्या बोटींसाठी एक सोपी युक्ती आहे. पंखा दोन पात्यांचा ठेवायचा, दोन्ही पाती उभी होऊन मागच्या खांबाआड लपतील असा शाफ्ट थांबवायचा, आणि त्या स्थितीत बोटीच्या आत शाफ्टवर रंगाची एक रेघ मारायची. पुढच्या वेळी रेघ वर आणली की पाती आपोआप आडोशाला. उलट तीन पात्यांचा पंखा कसाही थांबवला तरी एक पातं उघडं राहतंच.

*

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत बोटी वर ओढल्या जातात. सुतार, रंगारी, फिटर यांना एकाच वेळी सगळ्यांकडून बोलावणं असतं. शाफ्ट काढला जातो, बेअरिंग ठोकलं जातं, झिंक लागतं, ग्लँड भरली जाते आणि कपलिंगही तिथेच, टेकूंवर उभ्या बोटीत, आवळून टाकलं जातं. मग बंदी उठते. आधी पाण्यात पडलेल्या बोटीला आधी मासळी, म्हणून पहिल्या दिवशी कुणालाच थांबायचं नसतं, आणि फिटर तोवर दुसऱ्या बंदरावर गेलेला असतो. फळ्या पाणी पिऊन जागेवर बसायला जे काही दिवस हवेत, त्याच दिवसांत बोट पूर्ण वेगाने समुद्रात असते.

एका तांडेलाने यावर स्वतःपुरती तोड काढली आहे. तो कपलिंगचे बोल्ट वाळूवर नुसते हाताने लावतो, बोट हळू चालवत धक्क्याला आणून बांधतो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वतः फिलर गेज घेऊन आत उतरतो. त्यासाठी त्याने गेज विकत घेतलं आणि पाव-पाव फेऱ्याची मापं एका वहीत लिहून ठेवायला लागला. वर, खाली, डावी, उजवी असे चार रकाने, तारीख, आणि बोट भरलेली की रिकामी. सात हंगामांची मापं त्या वहीत आहेत. भरलेल्या बोटीची खालची फट दर वर्षी थोडी वाढत गेलेली त्यात स्पष्ट दिसते. पठाणाचा मागचा सांधा सैल होत चाललाय, असा त्याने त्यावरून अंदाज बांधला, आणि पुढच्या पावसाळ्यात सुताराला बोलावून तिथल्या फळ्या उघडायला लावल्या.